मराठीत आजारी पडण्याचा तास

मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात आमचे मुख्याध्यापक म्हणाले होते की बाईंनी साताऱ्यातल्या तीन पिढ्यांना शुद्ध मराठी बोलायला लावलं. माझी नोकरी एकतीस वर्षांची. त्यात तीन पिढ्या बसवायच्या म्हणजे मुलींची लग्नं फारच लवकर लावावी लागली असती. पण मी काही दुरुस्ती सुचवली नाही. अतिशयोक्ती हा अलंकार आहे, आणि तो मीच दरवर्षी नववीला शिकवत होते.

मग मी लेकीच्या शेजारी राहायला म्हणून सांगलीला आले. लेक नोकरीला जायची, नातू शाळेत जायचा, आणि मी वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने गोल करत बसायचे. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एका मोठ्या खासगी रुग्णालयाचे व्यवस्थापक राहत होते. त्यांनी एकदा वर्तमानपत्र मागून नेलं आणि परत देताना म्हणाले, "मॅडम, तुमची फार गरज आहे."

इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांच्याकडे सहा नवे डॉक्टर आले होते. केरळ, राजस्थान, तेलंगण, असे लांबलांबचे. सगळे हुशार, पण एकालाही मराठी येत नव्हतं. पेशंट सांगायचा एक, कागदावर उतरायचं दुसरंच. "आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते साडेतीन," व्यवस्थापक म्हणाले. "आणि रोल प्ले घ्या. तपासणी समिती यायची आहे, फायलीला फोटो लागतात."

"म्हणजे भूमिका घेऊन संवाद," मी म्हटलं.

"हां, तेच. फोटोत सगळे आले पाहिजेत फक्त."

मी विचार करून सांगते म्हटलं. त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझ्या मनात पहिल्या तीन तासांचं टाचण तयार झालं होतं.

पहिल्या दिवशी मी बारा चिठ्ठ्या करून नेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात एकेक आजार. 'तीन दिवसांपासून ताप व अंगदुखी.' 'जेवणानंतर छातीत जळजळ.' बैठकीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या मांडल्या. डॉक्टरांनी डॉक्टर व्हायचं आणि पेशंट व्हायचं मी. मी पहिली चिठ्ठी उचलली, पदर सावरला आणि खुर्चीवर बसले.

"नमस्कार डॉक्टर. कालपासून माझ्या पोटात तीव्र वेदना होत आहेत."

समोर केरळची मुलगी होती. सहाजणांत ती सर्वात अबोल, पण हे ऐकून तिचा चेहरा उजळला. "वेदना!" ती म्हणाली. तिच्या भाषेतही वेदनाच म्हणतात. मग मी उत्साहाने पोटाला समानार्थी शब्द 'उदर' सांगितला. तोही तिच्याकडे होता. रोगी, रक्त, शरीर, सगळं होतं. तासाभरात ती मला विचारू लागली, "आपणास या वेदना केव्हापासून होत आहेत?" माझे नववीचे विद्यार्थी परीक्षेतसुद्धा इतकं नेटकं वाक्य लिहीत नसत. मी धन्य झाले. फोटोही चांगले आले.

पंधरा दिवस असेच गेले. मला रोज नवनवे आजार व्हायचे आणि सहाही डॉक्टर मला रोज बरं करायचे.

तिसऱ्या आठवड्यात केरळची मुलगी तासाच्या आधीच येऊन बसली. तिच्या हातात एक छोटी वही होती. "मॅडम," ती तिच्या सावकाश मराठीत म्हणाली, "ओपीडीमध्ये कुणालाही वेदना होत नाहीत."

मला कळेना. तिने वही पुढे केली. कानाला जे ऐकू आलं ते तिने आपल्या लिपीत लिहून घेतलं होतं, आणि ती वाचून दाखवू लागली. कळा मारत्यात. ठणका लागलाय. चमक भरली. कणकण हाय. जीव कसनुसा होतोय. "कसनुसा म्हणजे काय? शब्दकोशात पाहिलं. जीव म्हणजे प्राण. मग प्राणाला काय झालं?"

तोवर बाकीचेही आले होते. राजस्थानच्या मुलाची अडचण आणखी वेगळी होती. हिंदी येते म्हणून तो निर्धास्त होता. एक म्हातारी त्याला म्हणाली, "पाठ लय दुखतीया." त्याने तिला आदराने विचारलं की रोज किती वेळ पाठ करता, मांडी घालून करता का. म्हातारी म्हणाली, करती कशाला, आपोआप दुखती. दुसरीने पायाला मुंग्या येत्यात म्हणून सांगितलं, तर त्याने तिला घर स्वच्छ ठेवायला सांगून परत पाठवलं होतं. आणि एक गोष्ट त्याला अजिबात उलगडत नव्हती. इथल्या बायका "मी आलो," "मी बसतो" असं का म्हणतात? तो दर वेळी केसपेपरवरचा स्त्री-पुरुष रकाना पुन्हा तपासत असे.

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही, कारण माझी आई तशीच बोलायची. मी मेढ्याजवळच्या डोंगरातल्या गावची. शिक्षिका व्हायला म्हणून साताऱ्याला आले, तिथे पहिल्या दिवशी वर्गात उभी राहून म्हणाले, "मी काल आलो, सर." सगळा वर्ग हसला. सरही हसले, मायेने हसले असतील. त्यानंतर महिनाभर वसतिगृहाच्या आरशापुढे उभी राहून मी 'मी आले, मी गेले, मी बसले' असा सराव केला. तो इतका पक्का झाला की पुढे एकतीस वर्षं मुलींच्या वह्यांतला प्रत्येक 'आलो' मी लाल पेनाने खोडला. सुट्टीत घरी गेले की आई मला "बाई आल्या" म्हणायची. मला तेव्हा तो मान वाटायचा.

पेशंट खरोखर कसे बोलतात ते ऐकायला मी एका सकाळी ओपीडीत जाऊन बसले. तिथे खरा कारभार एका मावशींच्या हातात होता. त्या पलूसजवळच्या एका गावातून रोज एसटीने यायच्या. फरशी पुसणं, बादल्या उचलणं, पेशंटला चाकाच्या खुर्चीतून नेणं हे त्यांचं काम. पण दर पाच मिनिटांनी कुठल्यातरी खोलीतून "मावशी!" अशी हाक यायची, आणि मावशी ओला हात पदराला पुसत आत जाऊन पेशंटचं मराठी डॉक्टरांसाठी सोप्या हिंदीत करून द्यायच्या. ती हिंदी त्यांना सैन्यातल्या मुलाकडून मिळाली होती. तो सुट्टीवर आला की हिंदीतच ओरडायचा म्हणे.

एक म्हातारे गृहस्थ आले. पोट धरून वाकलेले. "रातच्याला लय कळा मारत्यात बगा," ते म्हणाले.

"मारतात," माझ्या तोंडून निघून गेलं. "कळा मारतात."

आजोबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मी मोठी डॉक्टर. "व्हय, मारतात," ते म्हणाले.

मावशींनी बादली खाली ठेवली. "आवं बाई, त्यो बाबा कळंनं मरायला टेकलाय, आन् तुमी त्येचं शुद्धलेखन काढताय व्हय?"

दुपारच्या तासाला मी ठरवलं, आजपासून पेशंट बोलतात तसंच बोलायचं. शेवटी ती माझीच भाषा. आरशापुढे उभी राहून विसरले असले तरी आईच्या पोटातून घेऊन आले होते. केरळच्या मुलीने मावशींनाही बोलावून आणलं, म्हणाली, त्या ऐकतील आणि चूक सांगतील. मी खुर्चीत बसले, कपाळाला हात लावला आणि सुरू केलं, "आवं डाक्टर, माजं डोस्कं लय दुकतंया वो..."

दोन वाक्यांतच मावशी तोंडाला पदर लावून खोखो हसायला लागल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्या कुठल्या बाई म्हणायच्या? टीव्हीतल्या का? आमी असं कुटं बोलतो?"

त्यांचं खरं होतं. माझ्या तोंडून जे येत होतं ते स्नेहसंमेलनाच्या नाटकात मोलकरीण झालेल्या मुलीचं बोलणं होतं. त्या भूमिकेसाठी मुलींना तालीम मीच द्यायचे. इतर बाबतीत मी फार काटेकोर असले तरी मोलकरणीने अशुद्धच बोललं पाहिजे असा माझा दंडक असे.

मी खुर्चीवरून उठले आणि म्हटलं, "मग तुम्हीच व्हा पेशंट."

मावशी आढेवेढे घेत बसल्या. मी चिठ्ठी दिली. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, सहज वाचता आली असती. त्यांनी ती टेबलावर पालथी ठेवली. "चिठ्ठी वाचून कुनी आजारी पडतंय व्हय? तुमी इचारा, मी सांगतो."

आणि तासाला जीव आला. केरळच्या मुलीने विचारलं, काय होतंय? मावशी म्हणाल्या, काय न्हाई, बरं हाय. मग कशाला आलात? आलो असंच, सुनंनं लावून दिलं. मग सून, सुनेची बहीण, तिला झालेली कावीळ, काविळीवर इस्लामपूरला कुठेतरी मिळणारं औषध. डॉक्टर पाच मिनिटं घामाघूम होऊन ऐकत राहिली. मग मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि कडीला हात लावून वळल्या. "आन् एक इचारायचं हुतं. लघवीला जळजळ हुती, त्येला काय?"

"पेशंट असाच असतोय," परत येऊन बसताना त्या म्हणाल्या. "खरी गोष्ट दाराजवळ सांगतोय. तवर तुमी पुढच्याला हाक मारलेली असती."

पुढचे तीन आठवडे तास मावशींचाच झाला. मी टेबलाच्या कडेला बसून शब्द लिहून घ्यायचे आणि फळ्यावर त्यांचं प्रमाणरूप मांडायचे, मानधन मला मिळत होतं म्हणून. मावशींना काय मिळतं असं मी एकदा व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, त्या ड्यूटीवरच आहेत ना. डॉक्टरांची प्रगती मात्र थक्क करणारी होती. राजस्थानचा मुलगा सोडून. त्याला मावशींचं बोलणं पटत नव्हतं. तो माझ्या पहिल्या पंधरा दिवसांच्या टिपणांची झेरॉक्स काढून पाठ करत होता, आणि खरं सांगायचं तर मला तो मनातून आवडायचा.

एका शनिवारी मावशी पुन्हा पेशंट झाल्या. त्या दिवशी समोर केरळची मुलगीच होती. मावशींनी गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगितलं, तिने सराईतपणे दोनतीन प्रश्न विचारले, मलम लिहून दिल्याचा अभिनय केला. मावशी उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या. आता आम्हांला ती जागा माहीत झाली होती. सगळे हसत वाट पाहत होते.

"आन् एक इचारायचं हुतं," मावशी म्हणाल्या. "मी बादली घिऊन जिना चढतो तवा हितं दाटून येतंय." त्यांनी छातीवर सगळा तळवा ठेवला. "ह्यो हात जड पडतो, पार करंगळीपतोर. घाम फुटतोय. पायरीवर जरा बसलो की जातंय. त्येला काय?"

टाळ्या पडल्या. राजस्थानच्या मुलानेसुद्धा वाजवल्या. मी माझ्या वहीत 'दाटून येणे' हा शब्दप्रयोग लिहिला, आणि त्याच्याखाली, आजही ती वही माझ्याकडे आहे, 'अभिनय अत्यंत स्वाभाविक' असं लिहून खाली रेघ मारली.

केरळच्या मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उठून दारापाशी गेली.

"कवापास्नं?" तिने विचारलं.

"झालं की महिना, दीड महिना."

"कुणाला सांगितलं?"

मावशी हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "आता सांगितलं न्हवं का तुमाला?"

मी मूर्खासारखी म्हणाले, "मावशी, हे तालमीतलंच ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. केरळच्या मुलीने त्यांना तिथल्याच खुर्चीत बसवलं, नाडी पाहिली, आणि आजवर ज्या चाकाच्या खुर्चीतून मावशींनी हजारभर पेशंट नेले असतील ती खुर्ची मागवली. मावशी बसायला तयार होईनात. "मी चालत येतो की. कुनी बगितलं तर काय म्हणंल!"

कार्डिओग्राममध्ये बदल निघाले. दोन दिवसांनी तपासणी झाली, हृदयाची एक रक्तवाहिनी बरीचशी बंद होती. तिथे स्टेंट घातला.

मी भेटायला गेले तेव्हा मावशी पलंगावर बसून चहाबरोबर बिस्किट खात होत्या. मुलगा सुट्टी काढून आला होता आणि परिचारिकेशी हिंदीत वाद घालत होता. मी विचारलं, "रोज पंचवीस डॉक्टर तुमच्या शेजारून जातात. महिनाभर एकालाही कसं सांगितलं नाही?"

"इचारलं न्हाई कुणी."

"पण तुम्ही सांगायचं."

"कामावर सांगितलं तर कामाचं काय? म्हणतील, हिला जिना जमंना, बसवा घरी." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "तितं खुर्चीत बसल्यावर सोपं गेलं. पेशंट म्हणूनच बसलो हुतो की."

मी घरी आले आणि मेढ्याला थोरल्या भावाला फोन लावला. त्याचे गुडघे दुखतात हे मला वहिनीकडून कळलं होतं, स्वतःहून तो काही सांगत नाही. दर महिन्याच्या फोनवर मी "तब्येत कशी आहे?" विचारते आणि तो "उत्तम आहे" म्हणतो. माझ्याशी बोलताना तोही 'आहे' म्हणतो, बिचारा. त्या दिवशी मी विचारलं, "दादा, गुडगं कवापास्नं दुखत्यात?" मग तो म्हणाला, "तुला बरं न्हाई का?" मी बरी आहे हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. मग मात्र त्याने अर्धा तास गुडघ्यांचं सांगितलं, जिन्याचं, संडासात बसायला होत नाही त्याचं, आणि शेवटी फोन ठेवता ठेवता एका डोळ्याला धुरकट दिसतं हेही सांगितलं. पुढच्याच आठवड्यात मी त्याला सांगलीला आणून डोळा तपासून घेतला. मोतीबिंदू होता.

महिनाभराने वर्गाची परीक्षा झाली. निःपक्षपाती हवी म्हणून व्यवस्थापकांनी बाहेरचे परीक्षक बोलावले, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. मी त्यांना आधी ओळखत नव्हते, पण त्यांनी कागदावर खिशातलं लाल पेन काढून ठेवलं तेव्हा ओळख पटली. तोंडी परीक्षेत त्यांनी प्रत्येकाला विचारलं, आपल्याला हे शहर कसे वाटले?

राजस्थानचा मुलगा म्हणाला, "मला हे शहर अतिशय आवडले. येथील लोक प्रेमळ आहेत."

केरळची मुलगी म्हणाली, "लय भारी हाय."

प्राध्यापकांनी राजस्थानच्या मुलाला पहिला क्रमांक दिला. केरळच्या मुलीच्या कागदावर शेरा मारला, 'आकलन चांगले. भाषा ग्राम्य. शिक्षिकेने लक्ष द्यावे.' खाली माझी सही हवी होती. मी केली. भांडायला हवं होतं असं आता वाटतं, पण तो शेरा मी स्वतः इतक्या वेळा लिहिला होता की त्याविरुद्ध काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मुलीला काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, ओपीडी थांबलीय, जाते मी. पहिला आलेला मुलगाही तिच्या मागोमाग गेला, आणि जाताजाता त्याने मला हळूच विचारलं, मावशी कामावर कधी येणार?

मावशी दोन महिन्यांनी परत आल्या. केरळच्या मुलीने व्यवस्थापकांना चिठ्ठी दिल्यामुळे त्यांना बादल्यांचं काम न देता चौकशीच्या खिडकीपाशी बसवलं होतं. दुसरी तुकडी सुरू व्हायची होती. मी व्यवस्थापकांना म्हटलं, या वेळी मावशींना शिक्षिका म्हणून घ्या, मानधन निम्मं-निम्मं करा. ते म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण असं पद आमच्याकडे नाही. त्यांनी पाहतो म्हटलं आणि खरोखर पाहिलंही. आठवड्याभराने मावशींच्या नावाचं एक प्रमाणपत्र तयार झालं. सोनेरी कडा, रुग्णालयाचा शिक्का, आणि मधोमध छापलेलं, 'भाषावर्गात रुग्ण या पदावर समाधानकारक कार्य केल्याबद्दल.'

मावशींनी ते खिडकीपाशीच सावकाश वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द.

"समाधानकारक मंजी?"

"चांगलं," मी म्हटलं.

"मग चांगलं का न्हाई लिवलं?" त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बाईला विचारायला लागल्या की तुमचं काय दुखतंय, आन् कवापास्नं.